पगारवाढ परत घ्या

शोभेचे मासे विकणाऱ्या त्या दुकानात तिला सगळे दर्यासारंग म्हणत, कारण बाई समुद्रशास्त्र शिकलेल्या! त्यासाठी चांगलं घसघशीत शैक्षणिक कर्ज काढलं होतं. खोल समुद्रातल्या प्रवाळांवर प्रबंध लिहून ती पहिल्या वर्गात पास झाली आणि आता काचेच्या टाक्यांवरचं शेवाळ खरवडून हप्ते फेडत होती. शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल? पाण्याशी संबंध राहिलाच होता.

पगार बेताचा, म्हणून कर्जखात्याने कृपा केली होती: उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तोवर हप्ता निम्मा. कर तर लागतच नव्हता. गरिबी अशी रीतसर मंजूर झाल्यामुळे तिचं कसंबसं भागत होतं. कर्जाला जामीन राहिलेल्या मामाचा अधूनमधून फोन यायचा. "हप्ता गेला ना गं?" ख्यालीखुशाली नंतर, आठवलं तर.

आणि मग संकट कोसळलं. मालकांनी तिचा पगार वाढवला.

तोही सगळ्यांना हाका मारून, चारचौघांत. "हिच्यामुळे मासे मरायचे थांबले. या महिन्यापासून हिला वाढ!" टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांना वाढ मिळाली नव्हती, त्यामुळे त्या लवकर थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला पाण्यात पाहू लागले, आणि त्या दुकानात पाण्याला काही तोटा नव्हता.

पगार झाला. त्यातून आधी कर कापला गेला. मग कर्जखात्याने उत्पन्न वाढल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं आणि सवलत काढून घेतली. हप्ता भरून झाल्यावर हातात पूर्वीपेक्षा कमी पैसे उरले. तिने पुन्हा पुन्हा हिशेब तपासला. चूक कुठेच नव्हती. सगळं नियमाप्रमाणे होतं, म्हणून तर तक्रार करायलाही जागा नव्हती.

तिने मामाला फोन लावला. "मामा, पगार वाढला आणि पैसे कमी झाले."

"असं कसं होईल? तू तर शिकलेली आहेस." मग समजूत काढत तो म्हणाला, "अगं, पूर्ण हप्ता म्हणजे कर्ज लवकर फिटेल."

ते खरंच होतं. तोवर खायचं काय, एवढं मात्र त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालक माशांना खाद्य टाकत होते, तिथे ती जाऊन उभी राहिली.

"मालक, पगारवाढ परत घ्या."

खाद्याचा डबा हातातच राहिला. "का? कमी वाटली?"

"जास्त झाली."

"दुसरीकडे नोकरी लागली वाटतं?"

"नाही हो." तिने सगळं उलगडून सांगितलं. मालकांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"म्हणजे माझ्या खिशातून गेलेले पैसे तुझ्या खिशात आलेच नाहीत?"

"तुमचे सगळे गेले. वर माझेही थोडे गेले."

तिच्या तंगीचं त्यांना इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. पण हे पैसे त्यांचे होते. "असं कर, वाढीऐवजी मासे घरी ने."

"आणि त्यांना खायला काय घालू?" ती म्हणाली. "जुनाच पगार द्या, आणि आठवड्यातून एक दुपार सुट्टी."

पैसे देताना मालक फक्त कुरकुरत. सुट्टी देताना त्यांना धाप लागे. पण मनात हिशेब जुळला असावा. "दे टाळी," ते म्हणाले.

सवलत परत मिळवायला ती कर्जखात्यात गेली. तिथल्या कारकुनाने पगार कमी होण्याचं कारण विचारलं. "मी मागितलं म्हणून," ती म्हणाली. त्याने चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं आणि 'इतर' या रकान्यात खूण केली. पुढच्या महिन्यापासून हप्ता निम्मा झाला.

मामाला सुट्टीचं कळलं, तेव्हा तो लगेच म्हणाला, "त्या दुपारी दुसरं काम धर की."

"धरलं तर उत्पन्न वाढेल, मामा."

"मग करतेस काय?"

"झोपते," ती म्हणाली. फोन ठेवून तिने खिडकी लावली आणि खरंच आडवी झाली.