आठवा रकाना

हौसेने जुळवलेल्या माझ्या छोट्या बेसिक संगणकाला मराठी येत नव्हतं, म्हणून त्याची अक्षरं मीच चौकटीच्या वहीत काढली. प्रत्येक अक्षराला आठ ओळी, आठ रकाने. भरलेलं घर म्हणजे पडद्यावर एक ठिपका. महिनाभराने बायकोचं नाव टाइप केलं, 'कमल', आणि जे उमटलं ते बघून शिसारी आली. वरची रेघ दोन ठिकाणी तुटलेली, अक्षरं किडक्या दातांसारखी फटी ठेवून उभी.

"आपली लिपीच भिकार," मी चडफडलो. "यंत्रात बसतच नाही."

कमलने चष्मा लावून वही ओढली. "हा शेवटचा रकाना सगळीकडे कोरा का ठेवलात?"

"संगणकाच्या पुस्तकात तसंच सांगितलंय. नाहीतर अक्षरं चिकटतात."

"इंग्रजी पुस्तकात ना?"

शब्द लिहून झाला की वरून एक सलग रेघ ओढायची, हे पहिलीपासून हाताला ठाऊक होतं. तरी परक्याचा नियम मुकाट पाळला आणि खापर घरच्या लिपीवर फोडलं. आयुष्यात आणखी कोणाकोणाला मी असंच 'बसत नाही' म्हणून हिणवलं असेल, या विचाराने स्वतःचीच किळस वाटली.

प्रत्येक अक्षराच्या कोऱ्या रकान्यातलं फक्त वरचं, रेघेच्या ओळीतलं एक घर भरलं. रेघ जुळली, नाव लखलखीत दिसलं.

"एवढंच होतं," कमल म्हणाली, "आणि शिव्या मात्र अक्षरांना."