गुरुदासाची हवेतली विळी

लेखक, दिग्दर्शक व एकपात्री विनोदी कलावंत, अशा तीन पदव्या गुरुदासाच्या जाहिरातीवर छापलेल्या असत. सन १९९८ पासून तो वैभववाडीपासून मुंबईपर्यंत कार्यक्रम करीत हिंडे. त्याची आत्या सुभद्रा हिला या तिन्हींपैकी एकही पदवी मान्य नव्हती.

"लेखक कसलो? माझ्या तोंडातला उचलल्यान नि कागदार घातल्यान," असे ती म्हणे.

तिचे म्हणणे खरे होते. सुभद्रा तोंडवलीकडची. मालवणच्या बाजारात तिने चाळीस वर्षे मासे विकले. ती गिऱ्हाइकांना जे टोमणे मारी, तेच गुरुदास लुगडे नेसून रंगमंचावर म्हणे. त्याची कॅसेट निघाली. मग सुभद्रेने तोंड उघडले, की गिऱ्हाईक मासे सोडून तिलाच हसे. "मावशी, ता कॅसेटीतला म्हणा ना," असा आग्रह होई. स्वतःचेच शब्द तिला उष्टे वाटू लागले. ती मुक्याने मासे विकू लागली. नक्कल बंद कर, असे तिने गुरुदासाला दोनदा सांगितले.

"आते, मी तुका फेमस केलंय," एवढेच त्या शहाण्याचे उत्तर.

सन २००६ मध्ये गावपळण आली. देवाचा कौल झाला, की सारा गाव गुरे, कोंबड्या, कुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. काळा चष्मा लावून गुरुदासही आला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा शिवा म्हणाला, "मुंबयक हसवतस, आमका कधी हसवतलस?"

गुरुदास ताबडतोब उभा राहिला. डॉक्टर झाला, भटजी झाला. शेवटी डोक्यावर टॉवेल घेऊन तो मासेवाली झाला. समोरच सुभद्रा बांगडे कापीत होती, याची त्याला लाज वाटली नाही. त्याने एका हातात मासा धरल्याचे सोंग केले आणि दुसऱ्या हाताने हवेत विळी सपासप फिरविली. मुंबईत या जागी टाळ्या पडत. येथे बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"गुरुदासा," सुभद्रा म्हणाली, "विळी पायाखाली गप रवता रे. हलता तो मासो."

"आते, ह्या नाटकातला."

"मगे हयसर खराखुरा कर." ती उठली आणि तिने त्याला जागा दिली.

आठ वर्षे त्याने तिचे तोंड पाहिले होते, हात कधी पाहिले नव्हते. पहिला बांगडा निसटून राखेत पडला. दुसऱ्याची आतडी पँटीवर आली.

"कापूक कित्याक व्हया?" शेजारीण सत्यवती म्हणाली. "लेखक मा तो. लिवन कापतलो."

असे हसू त्याला कोणत्याही तिकिटाच्या खेळात मिळाले नव्हते. ते ओसरल्यावर सुभद्रा म्हणाली, "आता माझा तोंड माका परत दी."

त्याने ती नक्कल सोडली. त्याला शहाणपण आले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. तिच्या जागी त्याने एका मयत पोस्टमनला घेतले. मेलेला मनुष्य विळीवरून उठून जागा देत नाही, एवढेच त्याला उमगले होते.

शिमग्यापर्यंत कॅसेट जुनी झाली. एके सकाळी एका बाईने बांगडा दाबून नाक मुरडले.

"बांगडो तुका बघून लाजलो नाय, गो," सुभद्रा मोठ्याने म्हणाली. "तू कित्याक नाक मुरडतस?"

बाई हसली नाही. भाव करू लागली.