शांतीच्या नावाखालचा अंगठा

हे म्या आजवर कोनाले सांगतलं नाही. शांतीले बी नाही — अन् आता तं थे राहिलीच नाही.

शांती, माही बायको, धारणीकडल्या पहाडातली. आमी हिवरखेडजवळचे, काळ्या मातीतले. पहाडातल्या आदिवासी गावायले कायद्यानं एक हक्क जास्तीचा भेटला — जंगलातल्या बांबूचं, तेंदूपानाचं काय करायचं थे त्यायची ग्रामसभा ठरवते. आमच्या ग्रामसभेले तसं काहीच नाही. एका राज्यात दोन कायदे काहून? पारावर माहाच आवाज मोठा होता.

शांती शेण काढता काढता म्हने, "कमजोर वासराले तुमी एक थान जास्त सोडता. तवा बाकीच्या वासरायचा मोर्चा येते का?"

मले राग आला.

मंग गावानं अर्ज केला — आमाले बी तोच हक्क द्या, नाही तं पहाडाचा काढून घ्या. लिहिणारा म्हने, पहाडातल्या एखाद्या लेकीचं नाव असतं तं वजन पडलं असतं. आता पुढचं — कसं सांगू? शांतीले लिहिता येत नोहतं. तिचं नाव म्या लिहिलं. अन् खाली अंगठा... तो बी माहाच, डाव्या हाताचा. शाई धोतराले पुसली. थो डाग तिनंच धुतला.

अर्जाचं काहीच झालं नाही. पन त्याची नक्कल पहाडात पोचली, तिच्या भावाच्या ग्रामसभेत सगळ्यायसमोर वाचली गेली. भावानं मले निरोप धाडला — तिले सांगजा, तुले माहेर सरलं. म्या सांगतलं नाही. तवापासून भाऊबीजेले थे पाट मांडे, दुपारपर्यंत फाटकाकडं पाहे. भाऊ काहून येत नाही म्हून इचारे. मी म्हनो, रस्ता खराब असन. किती वर्षं? मोजले नाहीत.

औंदा शांती गेली. सवाशीन गेली का तिच्या अंगावर माहेरची साडी टाकतेत. म्या भावाले कळवलंच नाही. आला असता तं चार लोकायत बोलला असता — याच भीतीनं. हिवरखेडच्या दुकानातून हिरवी साडी आनली, तिच्या अंगावर टाकली, अन् बायायले सांगतलं — भावानं धाडली.

भाऊ अजून बी समजते, थो अंगठा बहिनीचा होता. धारणीची गाडी रोज सकाळी फाट्यावरून जाते. मी तिथंच बसलेला असतो.