अर्धा धवळा

लहानीने धवळा कधी मधेच सोडला नाही.

वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून एक वाडी आहे. तिथे लग्नाची गाणी, म्हणजे धवळे, म्हणायचा मान तिचा. सासूकडून शिकली. सासूने शब्दांपेक्षा नेम जास्त घोकून घेतला. नवरानवरीचं नाव घेऊन धवळा सुरू झाला की गाठ बांधेपर्यंत थांबायचं नाही. पाणी नाही, तंबाखू नाही, कुणाला हूं सुद्धा नाही. मधे तुटला तर पोरगी अर्धी राहते. ना बापाची, ना नवऱ्याची.

एकदा ती शेजारच्या पाड्यावर मांडवात गात होती आणि माणूस धावत आला. लहानीचा नवरा लखमा मध काढायला कड्यावर उतरला होता, दोर सुटला. मांडवात सगळ्यांना कळलं. तिलाही कळलं. नऊ कडवी राहिली होती. ती तिने म्हटली. गाठ बसली, मग ती मेढीला धरून खाली बसली.

तिची लेक हर्षाली तेव्हा तीन वर्षांची होती.

हर्षाली अठराची झाली त्या वर्षी, अठ्ठ्याण्णवला, दिवाळीनंतर रेडिओवाले आले. वाडीतली सारिका मुरबाडला मराठी घेऊन बी. ए. झाली होती. तिनेच पत्र लिहून त्यांना बोलावलं. राबणाऱ्या बायकांच्या गाण्यांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा होता. साहेब भला माणूस. ओटीवर मांडी घालून बसला, कोरा चहा प्यायला.

"मावशी, लग्नाचं एखादं म्हणा."

"कुनाच्या लग्नाचं?"

"कुणाच्याच नाही. नुसतं."

लहानी हसली. "नुसता धवळा कुठं असतो रे बाबा? नाव नाय घेतलं तं लागंल कुनाला?"

"मग घाला कुठलंही नाव."

"आन् खराच लागला म्हंजे तू येशील निस्तरायला?"

हर्षाली उंबऱ्यात तांदूळ पाखडत होती. तिच्या लग्नाची सुपारी फुटली होती. मुलगा भगीरथ, आटगावला गोदामात कामाला. पौषातली म्हसा गावची जत्रा सरली की हळद. लहानीने पोरीकडे बघितलं. नाव घ्यायचंच तर दुसऱ्याच्या लेकीचं कशाला. आणि आपल्या लेकीचा धवळा रेडिओवर. त्या पट्ट्यात कुठल्या आईच्या नशिबी हे आलं नव्हतं.

तिने हर्षाली आणि भगीरथाचं नाव घेतलं.

पाऊण तास गायली. मधे टेप संपली. साहेबाने हात वर केला. ती थांबली नाही. त्याने दुसरी टेप घालेपर्यंत तीच ओळ घोळवत राहिली, मग पुढे गेली.

"काय दम आहे हो मावशी," साहेब म्हणाला.

जत्रेच्या आधीच्या रविवारी सकाळी कार्यक्रम लागला. भगीरथाचा बाप नवशा चार माणसं घेऊन मुद्दाम ऐकायला आला. रेडिओ पाटावर ठेवला. धवळा सुरू झाला. पोरांची नावं आली तशी बायका हसल्या, हर्षाली आत पळाली. हळदीचं कडवं आलं. आणि लहानीचा आवाज बारीक होत गेला. उतारावरून कुणी लांब चालत जावं तसा. त्याच्यावर साहेबाचा मऊ आवाज आला. "अशी ही गाणी आज विस्मरणात जात आहेत." मग सतार वाजली. मग कुठल्या तरी गावच्या भातलावणीच्या बायका.

लहानीने डोळे मिटले, तुटलं तिथून ओळ उचलली आणि ओटीवर बसून शेवटापर्यंत म्हटली.

नवशाने ऐकून घेतलं. "हितं पुरा केलास गो. पन तुटला रेडिओत. आख्ख्या तालुक्यानं तुटलेला ऐकला. त्यांच्या कानात कोन पुरा करल?"

"मंग काय करू, दादा?"

"रेडिओतच पुरा होऊ दे. आमी थांबतो."

सारिकाने चार पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. चैत्रात ती आणि लहानी मुंबईला गेल्या. साहेबाने ओळखलं, चहा मागवला.

"ती मूळ टेप आता नाही, मावशी. एकाच टेपवर आम्ही पुन्हा पुन्हा भरतो." त्याने वही उघडून बघितली. नळाच्या पाण्यात जंतू कसे वाढतात, त्याचा कार्यक्रम त्या टेपवर होता.

"मंग आता म्हनते. भरून घे."

"तसं करता येत नाही हो. पण एक चांगली बातमी आहे. कार्यक्रमाला बक्षीस मिळालंय. पुन्हा लागणार आहे."

"पुरा लागंल?"

"पूर्ण लागेल. अर्धा तास. एक मिनिटही कापणार नाही."

लहानी साहेबाच्या पाया पडली. साहेब कार्यक्रमाचं बोलत होता, धवळ्याचं नाही, ते सारिकाला कळलं होतं. वाडीत परत येईपर्यंत सांगू, असं तिने ठरवलं. वाडी आली. तिने सांगितलं नाही.

पुढच्या पौषात कार्यक्रम लागला. या वेळी खालच्या पाड्यांवरची माणसंही आली. नवशाने नारळ आणला होता. हर्षाली आत पळाली नाही, आईला चिकटून बसली. नावं आली. हळद आली. आवाज उतार उतरू लागला. लहानी रेडिओकडे सरकली, कान लावला.

"अशी ही गाणी आज विस्मरणात जात आहेत."

सतार वाजली. नवशाने नारळ उचलून पिशवीत घातला.

"वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला. "पोरगी चांगली हाय."

त्यानंतर हर्षालीला कुणी मागणी घातली नाही. पाणवठ्यावर बायका तिला अर्धी म्हणू लागल्या, आधी मागून, मग हाक मारताना.

वैशाखात भगीरथाचं लग्न ठरलं. धवळा येणारी दुसरी बाई आसपास उरली नव्हती. नवशा स्वतः सांगायला आला, ओटीच्या खाली उभा राहिला.

"तूच ये गो. तुज्याबिगर कोन हाय?"

लहानीने हर्षालीकडे बघितलं. हर्षालीने आईचं ठेवणीतलं लुगडं काढून घडी मोडून दिलं.

मांडवात लहानीने भगीरथाचं नाव घेतलं. त्याच्या पुढे बारकी म्हणून जी नवरी होती, तिचं घेतलं. हळदीचं कडवं आलं. तिथे सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघू लागला. मागे सारिका उभी होती. ती मान खाली घालून ऐकत होती.

लहानी थांबली नाही. गाठ बसेपर्यंत गायली.