बेंजो मागं राहतो

बारामतीत माझा छोटा स्टुडिओ आहे, पिठाच्या गिरणीच्या वर. दुपारी गिरणीवाला जेवायला गेला की माझं रेकॉर्डिंग सुरू. गेल्या वर्षी नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्यात माझा बेंजोच दिसेनासा झाला. हा बेंजो म्हणजे एक प्लगइन, गाण्याच्या प्रोग्रॅमला जोडायचं कॉम्प्युटरमधलं वाद्य. शेळगावच्या बेंजो पार्टीतल्या मास्तरांकडून एकेक बटण वाजवून घेऊन मीच तो पूर्वी तयार केला होता. गाणं जुळवायच्या नव्या प्रोग्रॅमला त्याची जुनी भाषा कळेना, म्हणून तो त्याला दारातही उभं करेना.

तोवर मास्तरांना लकवा मारून गेला होता. डावा हात उचलत नव्हता, आणि बेंजोची बटणं डाव्याच हाताने दाबायची असतात. पार्टी आता पुतण्या चालवतो. त्याने स्वच्छ सांगितलं, काका, तुम्ही मागं पडता, वरातीत येऊ नका. निदान पार्टीच्या नव्या गाण्यात तरी आपला बेंजो असावा, म्हणून मास्तर माझ्याकडे आले. पुतण्यानेच मोटरसायकलवरून आणून सोडलं.

मी रॅपर लावला. हे मधलं सॉफ्टवेअर. प्रोग्रॅमसमोर ते नवं प्लगइन म्हणून उभं राहतं आणि पोटात जुन्याला चालवतं. इकडचा निरोप तिकडच्या भाषेत सांगायचा, तिकडचा आवाज इकडे आणायचा, एवढंच त्याचं काम. केल्याचं नाव मात्र होत नाही.

मास्तरांनी उजव्या हाताने कीबोर्डवर संथ लयीत चाल भरली. मी लय वाढवली, ताशा-ढोल जोडले आणि गाणं लावलं.

"बेंजो मागं ऱ्हातोय," मास्तर म्हणाले.

मलाही खटकलं होतं. त्यांच्या लक्षात येऊ नये असं वाटत होतं. निरोप पोचवायला रॅपरला किंचित वेळ लागतो, आणि तो वेळ त्याने प्रोग्रॅमला कळवलाच नव्हता. मी तेवढं सेटिंग बदललं. सगळे एका ठेक्यावर आले.

"बेंजो पुढं वढला व्हय?"

"नाही मास्तर. त्याला जेवढा उशीर होतो, तेवढं बाकीच्यांना थांबवलं. प्रोग्रॅम आपोआप थांबवतो."

त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "वरातीत आसं न्हाय हुत?"

मी नाही म्हणालो. मला फार वाईट वाटलं. खाली पुतण्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. मास्तर कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, तो वाजवतच राहिला.