इनामदार मॅडम आणि नववं प्रकरण

इनामदार मॅडम वर्गात आल्या की आधी हजेरी घेत नसत. हातातलं पुस्तक डोळ्यांसमोर आडवं धरून त्या त्याची शिवण बघत. मग ते मध्यावर उघडून अंगठ्याने हलकेच दाबत. पुस्तक कुरकुरलं की त्यांचा चेहरा पडे. "नुसत्या गोंदावर भागवलंय. दोन वर्षांत पानं गळतील," त्या म्हणत, "चला, गळायच्या आत वाचून घेऊ." आणि इंग्रजीचा तास सुरू होई.

हे खूळ त्यांच्याकडे वडिलांकडून आलं होतं. त्यांच्या अब्बांचं रविवार पेठेत बाइंडिंगचं दुकान होतं. लहानपणी शाळेतून आल्यावर फर्मे, म्हणजे छापखान्यातून आलेले मोठाले कागद, दुमडायचे आणि अब्बांना सुईत दोरा ओवून द्यायचा, हे मॅडमचं काम. दुमडता दुमडता फर्म्यावर जे छापलेलं असेल ते वाचायचं. "त्यामुळे मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण उलटसुलट," त्या सांगत. "तिसरं पान, मग चौदावं. गोष्ट माझी मलाच जुळवावी लागायची."

त्या मुसलमान असल्यामुळे नवे लोक त्यांच्याशी हटकून हिंदीत सुरुवात करत. कॉलेजात नवीन आलेल्या एका हेडक्लार्कने "मॅडम, आप इधर साइन करेंगे?" असं विचारलं, तेव्हा मी शेजारी उभा होतो. मॅडमनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "अहो, आमच्या सात पिढ्या पेठेत गेल्या. हिंदी मलाही सिनेमामुळेच येते." हेडक्लार्क पुढे महिनाभर त्यांच्याशी कुठल्याच भाषेत बोलला नाही.

मी धायरीहून बसने यायचो. बस कधी वेळेवर आली नाही आणि मॅडमच्या तासाला मी कधी वेळेवर पोचलो नाही. दारात उभा राहिलो की त्या चष्म्यावरून बघत. "या, पोकळे. तुम्ही निघालात तेव्हा पुस्तकात लढाई चालली होती. आता तह झालाय. बसा." विद्यार्थ्यांना त्या नेहमी अहो-जाहो करत. त्या आदराचीच जास्त भीती वाटे.

तेव्हा पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. आमच्या वर्गातली निम्मी मुलं बी.ए. इंग्लिश नावापुरतं करत आणि संध्याकाळी कसला ना कसला कोर्स करत. मॅडमना त्याचा राग नव्हता. त्या म्हणत, "शिका हो, कॉम्प्युटर जरूर शिका. पण त्यात लिहायचं काय, हे एकदा विचारून घ्या त्या क्लासवाल्यांना." मला क्लास परवडणारा नव्हता. वडील मार्केट यार्डात हमाल होते. मी कॉलेज सुटलं की स्वारगेटजवळच्या एका एसटीडी बूथवर बसायचो, ते अंधार पडेपर्यंत. इंग्रजीत चांगला क्लास मिळाला तर कुठेतरी टेबल-खुर्चीची नोकरी लागेल आणि वडिलांच्या पाठीवरचं पोतं उतरेल, एवढा एकच हिशोब माझ्या डोक्यात असे.

शेवटच्या वर्षाला एक कादंबरी नव्यानेच लागली. नवी असल्यामुळे तिचं गाईड बाजारात नव्हतं. आमच्या दृष्टीने हे अस्मानी संकटच. गोष्ट अशी, की एका शहरात पुस्तकांवर बंदी नसते, फक्त दुरुस्ती खातं असतं. प्रत्येक पुस्तक त्या खात्यात जातं आणि तिथले कारकून कात्रीने त्यातली नको ती पानं काढतात. लोकांची काही तक्रार नसते, कारण पुस्तक बारीक झालं की वाचायला सोपं जातं. कादंबरीचा नायक त्याच खात्यातला एक कारकून.

पहिल्याच तासाला पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, असं आपल्याकडे नाही ना होत."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. "घरी जाऊन आईला विचारा, लग्नाआधी ती वहीत काय लिहायची आणि ती वही आता कुठे आहे." ती मुलगी दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसली.

कादंबरीच्या दोनच प्रती होत्या. एक मॅडमची स्वतःची, आणि एक कॉलेजच्या लायब्ररीत. लायब्ररीतली बाहेर न्यायला बंदी, तिथेच बसून वाचायची. लायब्ररी उघडायची दुपारी बारा वाजता आणि साडेबाराला मला बूथवर पोचावं लागे. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "नववं प्रकरण नीट वाचा. मोठा प्रश्न आला तर त्यावरच येईल." त्या दिवशी माझ्या कंपासपेटीत एक ब्लेड होतं. पेन्सिलला टोक करायचं.

नववं प्रकरण सहा कागदांचं होतं, म्हणजे बारा पानं. लायब्ररी सांभाळणारे ढवळेकाका चहाला गेले तेवढ्यात मी ते कापलं आणि शर्टाच्या आत घातलं. बसमध्ये पोटाला कागद टोचत होते. पहिल्या दिवशी मी मनाला समजावलं, की वाचून झालं की परत ठेवू. पण मग मुलं विचारायला लागली, नववं प्रकरण कुठाय, कुणाकडे आहे. माझ्या लक्षात आलं की ते वर्गात फक्त माझ्याकडेच आहे. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पहिल्या दिवशी ती माझी गरज होती. आठव्या दिवशी ती शुद्ध लबाडी झाली होती.

आणि त्या प्रकरणात काय होतं? तो कारकून कापलेली पानं शर्टाच्या आत लपवून घरी नेत असतो. वर्षानुवर्षं. घरी पेट्या भरतात. शहरात सगळं वाचलेला माणूस तो एकटाच उरतो आणि वाचलेलं बोलायला त्याला कुणीही नसतं. बूथवर बसून हे मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. घरी अन्न जाईना. आई म्हणाली, "आरं काय झालंया तुला? जेवत का न्हाईस? परीक्षा हाय म्हून उपाशी मरायचं का?" मी म्हणालो, "काही नाही." तिला तरी काय सांगणार? अक्षरओळख नसलेली माझी आई पुस्तक खाली पडलं तर उचलून कपाळाला लावायची.

दहाव्या दिवशी मॅडम ती लायब्ररीची प्रत घेऊन वर्गात आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी शिवण बघितली. मग पुस्तक उघडून आमच्याकडे वळवलं. "कादंबरीतल्या सरकारला याच कामासाठी अख्खं खातं लागलं," त्या म्हणाल्या. "आपल्या कॉलेजात एक ब्लेड पुरलं."

मॅडमनी पुस्तक जरा हलवलं, तसे पुढच्या प्रकरणातले कागद सुटून टेबलावर पडले. "हे कुणी कापलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "पण पुस्तकात कागद जोडीने असतो. मधे दुमडलेला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. इकडचा अर्धा कापला की तिकडच्याला धरून ठेवायला काही उरत नाही. अब्बा म्हणायचे, एक पान काढणारा नेहमी दोन पानं काढतो, फक्त दुसरं त्याला दिसत नाही."

मी खाली मान घालून बसलो होतो. वाटलं, आता नाव विचारतील, झडती घेतील, प्राचार्यांकडे नेतील. नाव काढून टाकलं असतं तर माझं शिक्षण तिथेच संपलं असतं आणि मी यार्डात वडिलांच्या शेजारी उभा राहिलो असतो. मॅडमनी यातलं काही केलं नाही. त्यांनी पुस्तकाच्या मापाचे कोरे कागद काढले, बारा जणांची नावं घेतली आणि स्वतःच्या प्रतीतलं एकेक पान प्रत्येकाला नकलून काढायला सांगितलं. एक जण उठून टेबलाशी येई, मॅडम त्याला फक्त त्याचंच पान उघडून देत आणि शेजारी बसून राहत. माझ्या वाट्याला शेवटून दुसरं पान आलं.

मी लिहीत गेलो. अक्षर बरं येत होतं. पान संपलं ते वाक्याच्या मध्यावर. 'आणि मग त्याला कळून चुकलं, की या शहरात सगळं वाचलेला,' एवढंच त्या पानावर होतं. पुढचे शब्द पलीकडच्या पानावर, म्हणजे माझ्यानंतरच्या मुलीच्या वाट्याला. मी मात्र न थांबता लिहिलं, 'तो एकटाच उरला आहे,' आणि पूर्णविराम दिला.

वर बघितलं तर मॅडम माझ्या कागदाकडे बघत होत्या. जे पान मी कधी पाहिलेलंच नसायला हवं, त्यावरचं वाक्य मी लिहून बसलो होतो. मी घाईने खोडायला पेन उचललं. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या, पोकळे. खोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "पुढे कोण आहे? या."

एवढंच. त्यांनी ती बारा पानं बारा हातांच्या अक्षरांत पुस्तकात शिवली. परीक्षेत खरंच नवव्या प्रकरणावर प्रश्न आला आणि सगळ्यांनीच त्याचं उत्तर लिहिलं. मला फर्स्ट क्लास मिळाला. पेढे द्यायला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "छान. आता वेळेवर पोचायला शिका." मी पानं कापल्याचं बोलेन म्हणून गेलो होतो आणि न बोलता परत आलो.

पुढे खरोखरच टेबल-खुर्ची मिळाली. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायला लागलो. कॉम्प्युटरमध्ये लिहायचं काय, या मॅडमच्या प्रश्नावरच माझं पोट चालू लागलं म्हणा ना. वडिलांची हमाली सुटली. त्या कापलेल्या बारा पानांचं पाकीट मात्र प्रत्येक नव्या घरात माझ्याबरोबर आलं. ते फेकता येईना आणि उघडताही येईना.

मग एका शुक्रवारी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दोष होता आणि तो कसा टाळायचा हे मी माहितीपुस्तकात एका पानावर लिहिलं होतं. "ते पान काढून टाक," साहेब म्हणाले. "कस्टमरला सगळंच कळायला पाहिजे असं काही नाही. मॅन्युअल स्लिम होईल." मी जागेवर आलो आणि एक बटण दाबलं. पान गेलं. ना ब्लेड, ना आवाज, पुढचे आकडे आपोआप सरकून जागेवर बसले. कुठेच काही सुटून पडलं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

रविवारी मी पाकीट घेऊन रविवार पेठेत मॅडमच्या घरी गेलो. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेजातलं इंग्रजी साहित्य मुलं मिळत नाहीत म्हणून बंद झालं होतं आणि त्या जागी संभाषणकौशल्याचे वर्ग आले होते. मॅडमची नजर जवळजवळ गेली होती. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "पोकळे! आज तरी वेळेवर आलात का? की आधीच उशीर झालाय?"

मी कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते चाचपले. कापलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"ब्लेड बोथट होतं रे तुझं," त्या म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. माझा बांध फुटला. मी म्हणालो, "मॅडम, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. का नाही बोललात?"

"बोलले असते तर तू माफी मागितली असतीस आणि मोकळा झाला असतास. मोकळा झालेला माणूस विसरतो." मग म्हणाल्या, "आणि तुला काढून टाकलं असतं तर तुझ्याबरोबर आणखी कोण कोण सुटून पडलं असतं, ते मला कुठे दिसत होतं?"

लायब्ररीची ती प्रत त्यांच्याच कपाटात होती. कॉलेजने जुनी पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा त्यांनी ती मागून आणली होती. मी म्हणालो, "हाताने लिहिलेली पानं काढून ही मूळची घालू या." मॅडमनी मान हलवली. "काढायचं काही नाही. शेजारी घालू." मी कागदांच्या कडेला कापडाची पट्टी चिकटवली आणि सुईत दोरा ओवून दिला. त्यांनी न बघता, नुसत्या बोटांनी, एकेक टाका घातला. टाके सरळ होते.

शिवून झाल्यावर म्हणाल्या, "आता वाच." मी नववं प्रकरण पहिल्यापासून मोठ्याने वाचलं. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. 'या शहरात सगळं वाचलेला तो एकटाच उरला आहे,' इथे मी थांबलो.

"एकटा कसला रे?" मॅडम म्हणाल्या. "मी होते की."

सोमवारी मी ते काढलेलं पान माहितीपुस्तकात परत घातलं. साहेब चिडले, त्या वर्षीची बढती गेली, पण पान राहिलं. मॅडम पुढच्या थंडीत गेल्या. पुस्तक त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवलं होतं. त्यात नववं प्रकरण आता दोनदा येतं, त्यामुळे ते जाड झालंय आणि कपाटात नीट बसत नाही. अधूनमधून मी ते घेऊन बसतो, आधी आडवं धरून शिवण बघतो आणि मग वाचतो. त्या वाक्यापाशी आलो की थांबतो. मॅडमचं वाक्य तिथे कुणी छापलेलं नाही की लिहिलेलं नाही, पण ते म्हटल्याशिवाय मला पान उलटता येत नाही.