उभ्यानं मस्कत

मालन राऊळ बसमध्ये कधी बसली नाही. बाकावर जागा असली तरी दांडा धरून उभी. "आपल्यापायी दुसऱ्याक अडचण कशाक?" म्हणायची. वाकोल्यात आमच्या शेजारी तिची खानावळ होती. कोकणातून आलेले बाप्ये तिच्या हातचं कालवण ओरपायचे आणि बाहेर पडले की तिलाच म्हैस म्हणायचे. ऐकून माझ्या अंगाची लाही व्हायची. ती मात्र हसून भांडी विसळायला घ्यायची.

सत्त्याऐंशी साली तिला विमानात बसावं लागलं. तिची चंपा नवऱ्याबरोबर मस्कतला होती. दोनदा दिवस राहून गेले होते, आता तिसरी खेप. आठवा लागला होता आणि डॉक्टरांनी कूस बदलायचीही बंदी घातली होती. बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. लेक येऊ शकत नाही म्हटल्यावर माहेरच डिंकाचे लाडू बांधून निघालं. जावयानं व्हिसा काढला, आम्ही तिला सहार विमानतळावर सोडून आलो. आत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

खिडकीजवळची खुर्ची मिळाली. बसताना खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये ती अशी अडकली की श्वास घ्यायची पंचाईत. समोर हवाईसुंदरी पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होती. मालननं दोन्ही टोकं ओढली. वीतभर कमी! पोट आत घेतलं, पुन्हा ओढली. तरी तेच. पट्टा लागला नाही तर विमान सुटत नाही, असं तिला खानावळीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे आता आपल्याला उतरवणार, आणि तिकडे चंपा एकटी! तिनं टोकं पदराखाली लपवली आणि वरून हात दाबून धरला.

शेजारी सफारी सूटवाले एक गृहस्थ येऊन बसले. सोबत अत्तराचा भपकारा. तिचा दंड लागताच त्यांनी अंग चोरलं, वर्तमानपत्र झटकलं, च्यक् च्यक् केलं. मालन खिडकीला इतकी चिकटली की खांदा बधिर झाला. तरी त्यांनी घंटी दाबलीच.

"मॅडम, मैंने पूरी सीट का पैसा दिया है. ये बाई आधी मेरी सीट पे है."

माणसासमोर माणसाबद्दल असं बोलायला जीभ कशी रेटते कोण जाणे! आजूबाजूच्या माना वळल्या.

"माताजी, बेल्ट दिखाइए," हवाईसुंदरी म्हणाली.

मालनचा हात पदरावरून हलेना. "दिखाइए ना, माताजी." आता सगळं संपलं असं तिला वाटलं. ती धडपडत उठली, डोकं वरच्या फळीला आपटलं.

"बाय माझे, माका उतरवू नको, लेकीच्या बाळंतपणाक जातंय," ती हात जोडून म्हणाली. "मी उभ्यान येतंय मस्कतापर्यंत. कोणाक लागाचंय नाय."

कुणीतरी फिसकन हसलं. हवाईसुंदरी हसली नाही. मराठी तिला समजली असेल-नसेल, जोडलेले हात समजले. ती मागे गेली आणि पट्ट्याचा एक जास्तीचा तुकडा घेऊन आली. खटकन लागला. एवढंच होतं! मालन त्या तुकड्याकडे बघतच राहिली.

सूटवाले मात्र अडूनच होते. तेव्हा मागच्या रांगेतून एक पंचेचाळिशीचा माणूस उठला, काशीराम. मूळचा कोकणातला, गोवंडीला घर, मस्कतला वेल्डिंगचं काम. "साब, तुम मेरी जगह बैठो," म्हणाला आणि मालनशेजारी येऊन बसला.

विमान उडालं. मालन अजून पाय रोवून, अंग आवळून अर्धवट उचललेलीच. मांड्या थरथरत होत्या.

"वयनी, टेका," काशीराम म्हणाला.

"तुमका अडचण होतली, भाऊ."

"होऊंदे. माझी आई गेली तेव्हा माका सुटी गावली नाय. तुमी येळार पोचतल्यात. टेका बघू."

मालननं पाठ टेकली. तिचा दंड त्याच्या दंडाला भिडला आणि ती हमसाहमशी रडली.

पुढं चंपाला मुलगी झाली, दोघी धडधाकट. परत आल्यावर आम्ही बारशाचे फोटो मागायला लागलो, तर मालनकाकी पिशवीत हात घालून तशीच थांबली.

"गो, तो सरकलो नाय," ती म्हणाली. "मस्कत येईपर्यंत जरासुदीक सरकलो नाय."